टेबलात शून्य आलं तर घाबरायचं कधी? पॉलिटोप बघून एमएलई काढायची पद्धत

यंदा सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर माझ्या मित्राचा चादर-टॉवेलचा स्टॉल होता, आणि माझी भाची एमएस्सी स्टॅटला आहे तर तिनं प्रोजेक्टसाठी एक अख्खी संध्याकाळ तिथं उभं राहून वहीत नोंदी केल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फक्त तीन गोष्टी: चादर घेतली का टॉवेल, माणूस सोलापूरचा का बाहेरगावचा, पैसे रोख दिले का यूपीआयनं. ३५ गिऱ्हाइकं झाली. घरी येऊन तिनं आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) मधे लॉग-लिनियर मॉडेल (खान्यांच्या अपेक्षित आकड्यांचे लॉग बेरजेनं मांडणारं) बसवलं, दोन-दोन गोष्टींचे संबंध ठेवले आणि तिन्हींचा मिळून असलेला संबंध काढून टाकला. आउटपुट आलं: डेव्हियन्स (मॉडेल आणि डेटातली तफावत) शून्य, डिग्री ऑफ फ्रीडम (मॉडेल तपासायला उरलेले मोकळे आकडे) १, पी-व्हॅल्यू १ (म्हणजे मॉडेलविरुद्ध काहीच पुरावा नाही). तिनं लगेच लिहून टाकलं की मॉडेल परफेक्ट बसतंय. आणि खाली स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळीत ते सांगणारा आकडा) बघितला तर हजारोंच्या घरात!

"मामा, मॉडेल एवढं चांगलं बसलंय तर एरर एवढा कसा काय ओ?"

कॉलेजात विचारलं तर तिला सांगितलं म्हणे, शून्य असतील तर प्रत्येक खान्यात अर्धा मिळव आणि पुढं चल. मला हे पटत नाही, कारण सगळी शून्यं सारखी नसतात, काही निरुपद्रवी असतात आणि काही अख्खं उत्तरच (एमएलई, म्हणजे मॅक्सिमम लाइकलीहूड एस्टिमेट: दिसलेला डेटा यायची शक्यता ज्यानं सगळ्यात जास्त होते तो अंदाज) उडवून लावतात, आणि कुठलं शून्य कुठल्या जातीचं ते सांगणारी एक सुंदर आकृती आहे. तिला लॅटिस पॉलिटोप म्हणतात. भाचीला जे वहीवर करून दाखवलं तेच इथं लिहितोय, पेन्सिल आणि चौकटीचा कागद घेऊन बसा म्हणजे सोबत करता येईल.

आधी एकदम छोटं उदाहरण घेऊ. समजा २० गिऱ्हाइकांनी चादरीची जोडी घेतली आणि आपण मोजतोय की जोडीत लाल चादरी किती. एकही नाही: ५ जण. एक लाल: ७ जण. दोन्ही लाल: ८ जण. आता चौकटीच्या कागदावर (जॅकार्ड मागाचं डिझाईन काढायला सोलापूरच्या पूर्व भागात वापरतात तसला ग्राफ असला तर फारच छान) एका सरळ रेषेवर ०, १, २ असे तीन ठिपके काढा. प्रत्येक प्रकाराचा एक ठिपका, आणि ठिपका नेमका रेघांच्या काट्यावर, म्हणजे पूर्णांकावर. यालाच लॅटिस पॉइंट म्हणायचं. ० पासून २ पर्यंतचा रेषाखंड हा आपला पॉलिटोप. बास, एवढंच, नाव मोठं आहे पण वस्तू साधी आहे.

मॉडेल असं: तीन प्रकारांच्या शक्यता १, क्ष, क्ष² यांच्या प्रमाणात, आणि प्रत्येकापुढं एक ठरलेलं वजन. क्ष आपल्याला शोधायचाय. आता डेटाची सरासरी काढा: (७ + २×८) भागिले २० = १.१५. हा आकडा रेषाखंडावर कुठं पडतो ते ठिपका देऊन बघा. १ च्या जरा उजवीकडं, दोन्ही टोकांपासून लांब, आत.

इथं बर्चचं प्रमेय कामाला येतं. बर्च या संख्याशास्त्रज्ञानं १९६३ साली तीन बाजूंच्या टेबलांवर जो पेपर लिहिला त्यातून पुढं आलेली ही गोष्ट, आणि माझ्या मते या अख्ख्या विषयात एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हेच करा: मॅक्सिमम लाइकलीहूड एस्टिमेट म्हणजे मॉडेलमधला तो बिंदू ज्याची सरासरी डेटाच्या सरासरीइतकी असते, आणि असा बिंदू एकच असतो, पण डेटाची सरासरी पॉलिटोपच्या आत पडली तरच. हे का खरं आहे ते कळायला अवघड नाही, लॉग-लाइकलीहूडचं डेरिव्हेटिव्ह काढलं की "डेटात दिसलेलं वजा मॉडेलनं सांगितलेलं" एवढंच उरतं, ते शून्य करायचं, आणि फंक्शन एकाच शिखराचं असल्यामुळं दुसरं उत्तर नाही.

मग वजनं कशी घ्यायची? दोन चादरी एकमेकींचा विचार न करता उचलल्या असं मानलं तर वजनं १, २, १ (एक लाल दोन तऱ्हांनी येते). मग अपेक्षित सरासरी २ट, जिथं ट म्हणजे एक चादर लाल असायची शक्यता. २ट = १.१५, ट = ०.५७५, झालं काम, नुसता भागाकार. २० पैकी अपेक्षित आकडे साधारण ३.६, ९.८ आणि ६.६ येतात.

पण वजनं १, १, १ घेतली तर? मग (क्ष + २क्ष²) ÷ (१ + क्ष + क्ष²) = १.१५, आणि आवरून लिहिलं की

०.८५क्ष² − ०.१५क्ष − १.१५ = ०

वर्गसमीकरण! मुळं दोन, एक ऋण आणि एक धन, धन मूळ सुमारे १.२५५. त्यावरून शक्यता ०.२६१, ०.३२८, ०.४११. पडताळा घ्या: ०.३२८ + २×०.४११ = १.१५. बरोबर.

आता इथं जरा थांबा कारण गंमत इथंच आहे. ठिपके तेच, रेषाखंड तोच, डेटा तोच, पण एकदा भागाकारानं उत्तर आलं आणि एकदा वर्गमूळ काढावं लागलं. समीकरणांची कॉम्प्लेक्स धरून जेवढी उत्तरं येतात त्या संख्येला मॅक्सिमम लाइकलीहूड डिग्री म्हणतात, पहिल्यात ती १, दुसऱ्यात २. आणि रेषाखंडाची लांबी किती? २. ही डिग्री पॉलिटोपच्या घनफळापेक्षा कधीच जास्त नसते (घनफळ मोजताना सगळ्यात लहान लॅटिस तुकडा १ धरायचा), आणि वजनं अशीच कुठलीही घेतली तर बरोबर तेवढीच येते. खाली कधी उतरते? १, २, १ ला बघा की: १ + २क्ष + क्ष² = (१ + क्ष)², म्हणजे याचा डिस्क्रिमिनंट शून्य. १ + क्ष + क्ष² चा उणे ३. दहावीत शिकलेला डिस्क्रिमिनंट इथं येऊन सांगतोय की एस्टिमेट काढायला किती कष्ट पडणार, मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

दोन बाय दोनचं टेबल पटकन उरकतो. चादर-टॉवेल आणि रोख-यूपीआय एवढंच घेतलं आणि दोन्ही गोष्टी स्वतंत्र मानल्या तर चार खान्यांचे चार ठिपके म्हणजे चौकोनाचे चार कोपरे. चौकोन दोन त्रिकोणांत कापता येतो म्हणून घनफळ २, पण डिग्री १, कारण उत्तर आपल्याला आधीपासूनच माहितीये: ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण. आणि चौकोनाच्या कडेवर डेटा कधी पडतो? अख्खी एक ओळ किंवा अख्खा एक स्तंभ शून्य असला तरच. नुसतं एका खान्यात शून्य असेल तर काही बिघडत नाही. इथवर सगळं डोळ्यांना दिसतं, आणि यामुळंच पुढं लोक फसतात, त्यांना वाटतं की बेरजा शून्य नाहीत ना, मग सगळं ठीक.

आता भाचीचं टेबल. प्रत्येक खान्याला तीन आकडी नाव देऊ, पहिला आकडा चादर ० टॉवेल १, दुसरा सोलापूर ० बाहेरगाव १, तिसरा रोख ० यूपीआय १.

००० → ०
००१ → ६
०१० → ४
०११ → ९
१०० → ८
१०१ → ५
११० → ३
१११ → ०

दोन शून्यं आहेत. दोन-दोन गोष्टींच्या बेरजा काढून बघा, बारा बेरजा होतात (चादर-सोलापूर ६, चादर-बाहेरगाव १३, टॉवेल-सोलापूर १३, टॉवेल-बाहेरगाव ३, असं पुढं), एकही शून्य नाही. म्हणजे वरवर बघता सगळं सुरळीत.

या मॉडेलचे ठिपके कागदावर काढता येत नाहीत, प्रत्येक खान्याला बारा आकड्यांची ०-१ ची यादी मिळते (तो खाना बारापैकी कुठल्या बेरजेत मोजला जातो त्याची), असे आठ ठिपके आणि त्यांचा पॉलिटोप सहा मितींचा. पण घाबरू नका, काढायची गरजच नाहीये. बर्च सांगतो की एस्टिमेटच्या या बाराही बेरजा डेटाच्या बेरजांइतक्याच हव्यात. मग खान्यांत बदल करायला मोकळीक उरते किती? एखाद्या खान्यात ट (हा नवा ट, नुसता बदलाचा आकडा) मिळवला की शेजारच्या खान्यातून ट वजा करावा लागतो, नाहीतर बेरीज बिघडते, त्याच्या शेजारी परत मिळवावा लागतो, असं अख्ख्या घनभर (आठ खाने म्हणजे घनाचे आठ कोपरे) फिरा, म्हणजे ज्यांच्या नावात १ सम वेळा येतो त्या चार खान्यांत (०००, ०११, १०१, ११०, हे सम खाने) अधिक ट आणि बाकी चारांत (हे विषम खाने) उणे ट. दुसरी हालचाल नाहीच. डायाकोनिस आणि स्टर्मफेल्स यांनी १९९८ च्या त्यांच्या पेपरात अशा हालचालींना मार्कोव्ह बेसिस म्हटलं आणि तिथून अल्जिब्राइक स्टॅटिस्टिक्स (बीजगणित वापरून केलेलं संख्याशास्त्र) जोरात सुरू झालं. आपल्या टेबलात ती बेसिस एकाच हालचालीची आहे.

आता ही हालचाल भाचीच्या टेबलात करून बघा. ००० मधे ० + ट, म्हणून ट ऋण चालत नाही. १११ मधे ० − ट, म्हणून ट धन चालत नाही. राहिलं काय? ट = ०. म्हणजे बेरजा सांभाळायच्या तर डेटा जागचा हलूच शकत नाही, ती दोन शून्यं शून्यच राहणार, आणि लॉग-लिनियर मॉडेलमधे कुठल्याही खान्याची शक्यता नेमकी शून्य होऊच शकत नाही, शून्याचा लॉग कुठून आणणार. म्हणजे एमएलई अस्तित्वातच नाही. सॉफ्टवेअर पॅरामीटरला अनंताकडं ढकलत राहतं, कुठंतरी दमून थांबतं, जिथं थांबलं तो आकडा छापतं, आणि त्या दिशेला लाइकलीहूड जवळजवळ सपाट असल्यामुळं स्टँडर्ड एरर हजारोंत जातो. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

पॉलिटोपच्या भाषेत सांगायचं तर डेटा पॉलिटोपच्या भिंतीवर, म्हणजे फॅसेटवर, जाऊन चिकटलाय. या पॉलिटोपला फॅसेट किती? प्रत्येक फॅसेट एक सम खाना आणि एक विषम खाना सोडून बाकी सहांची बनते, म्हणून ४ × ४ = १६. आता घन काढा, आठ कोपऱ्यांना आठ खान्यांची नावं द्या. सोळांपैकी बारा जोड्या म्हणजे घनाच्या बारा कडा, तिथं दोन्ही शून्यं शेजारी असतात आणि कुठलीतरी बेरीज शून्य होते, ते दिसतं. राहिल्या चार जोड्या, त्या घनाचे चार लांब कर्ण: ०००-१११, ००१-११०, ०१०-१०१, १००-०११. यांच्यात सगळ्या बेरजा धन असूनही एमएलई नसतो. लपलेल्या फॅसेट याच. भाचीच्या वहीत नेमका पहिला कर्ण शून्य होता.

तर दोन बाय दोन बाय दोनच्या टेबलाला ही तपासणी एका मिनिटाची आहे: बारा बेरजा आणि चार कर्णांच्या बेरजा, सोळांपैकी एकही शून्य नको. मूळ टेबल हाताशी नसेल, नुसत्या बेरजा असतील तरी चालतं. एकूणातून टॉवेल, बाहेरगाव, यूपीआय वजा करा आणि टॉवेल-बाहेरगाव, बाहेरगाव-यूपीआय, टॉवेल-यूपीआय मिळवा, उत्तर ००० आणि १११ ची बेरीज येतं. इथं ३५ − १६ − १६ − २० + ३ + ९ + ५ = ०. करून बघा, मग विश्वास बसेल.

आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. शून्यं ००० आणि ०११ मधे असती तर? दोन्ही सम. मग ट जरासा धन घेतला की दोन्ही खाने शून्यावरून वर येतात, विषम खान्यांत वजा करायला पुरेसं आहेच, म्हणजे डेटा आत आहे आणि एमएलई मजेत आहे. चारही सम खाने शून्य असले तरी चालतं! म्हणून म्हणतो शून्यं मोजू नका, शून्यं कुठं बसलीत ते बघा.

डेटा आत असला की पुढं हिशोब कसा करायचा तेही दाखवतो. समजा १११ मधे शून्याऐवजी २ असते, एकूण ३७. मॉडेलची अट अशी की चार सम खान्यांचा गुणाकार = चार विषम खान्यांचा गुणाकार. म्हणजे

ट(९ + ट)(५ + ट)(३ + ट) = (६ − ट)(४ − ट)(८ − ट)(२ − ट)

दोन्हीकडं ट⁴ येतो आणि उडून जातो. उरतं

३७ट³ − ५३ट² + ५३५ट − ३८४ = ०

पॉलिटोपचं घनफळ ४, पण डिग्री ३, तो उडालेला ट⁴ म्हणजेच कमी झालेला एक. आणि पुढचा ३७ बघा, आपली एकूण गिऱ्हाइकं, हा योगायोग नाही, ट³ पुढं कायम आठही खान्यांची बेरीजच येते. ट ० आणि २ च्या मधे असायला हवा, कॅल्क्युलेटरवर ०.५ टाका, १ टाका, ०.७५ टाका, सरकत सरकत ०.७४४ ला पोचता. बाकीची दोन मुळं कॉम्प्लेक्स आहेत, सोडून द्या. मग अंदाज: ००० मधे ०.७४४, ०११ मधे ९.७४४, १०१ मधे ५.७४४, ११० मधे ३.७४४, आणि विषम खान्यांत ५.२५६, ३.२५६, ७.२५६, १.२५६. बेरीज ३७, बाराही बेरजा जशाच्या तशा. हाताने केलेला एमएलई!

डेटा फॅसेटवर असेल, भाचीसारखा, तर मॉडेल त्या फॅसेटपुरतं मर्यादित करा, बाहेरचे दोन खाने बाजूला काढा आणि राहिलेल्या सहांवर बसवा. पण नीट बघा, सहा खाने आणि फॅसेटवर मॉडेलचे मोकळे आकडेही सहाच, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम ०. सॉफ्टवेअरनं आठ वजा सात करून १ छापला होता, त्याला फॅसेट दिसत नाही. डेव्हियन्स शून्य आला कारण तपासायला काही शिल्लकच नव्हतं, मॉडेल चांगलं म्हणून नव्हे. तिला सांगितलं, "अगं ते परफेक्टवालं वाक्य आधी खोड." अर्धा-अर्धा मिळवायचा उपाय केला असता तर डेटा आत सरकला असता, आकडे आले असते, एररही माणसात आला असता, पण ००० चा अंदाज जो सुमारे ०.५६ येतो त्यातला जवळजवळ सगळा आपणच मिळवलेला अर्धा असता, गिऱ्हाइकांनी सांगितलेलं काहीच नाही. डेटाच्या जागी आपला अर्धा बोलायला लागला की मला ते चालत नाही.

टेबल मोठं असेल तर हातानं फॅसेट शोधायच्या भानगडीत पडू नका. तपासणी लिनियर प्रोग्रॅमिंगनं करायची: प्रत्येक बेरजेला असा भाव लावा की प्रत्येक खान्याची किंमत शून्य किंवा जास्त यावी, डेटा असलेल्या खान्यांची बरोब्बर शून्य यावी, आणि रिकाम्यांपैकी निदान एकाची शून्यापेक्षा जास्त यावी. असा भाव सापडला तर तुम्ही भिंतीवर आहात, नाही सापडला तर आत. आमच्या टेबलात तो भाव वरच्याच वजाबाकीत होता. फॅसेट पूर्ण मोजायच्या असतील तर पॉलिमेक किंवा नॉर्मलिझ, मार्कोव्ह बेसिसला फोरटीआयटू, डिग्री काढायला मॅकॉले२, सगळं फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं, फक्त खाने वाढले की फॅसेट भराभर वाढतात, तेव्हा चहा घेऊन बसा.

आणि नुसता एमएलई हवा असेल, आत आहे हे तपासून झालं असेल, तर डेमिंग आणि स्टीफन यांची १९४० ची पद्धत पुरते: सगळ्या खान्यांत १ ठेवा, पहिल्या जोडीच्या बेरजा जुळतील असं गुणा, मग दुसऱ्या जोडीच्या, मग तिसऱ्या, मग परत पहिल्या, आकडे हलायचे थांबेपर्यंत. आर मधलं लॉगलिन हेच करतं. आमच्या छोट्या उदाहरणात २ सारखा आकडा होता, तसलं मॉडेल असेल तर डॅरॉक आणि रॅटक्लिफ यांची १९७२ ची सुधारलेली पद्धत लागते. फेऱ्या फार झाल्या आणि एखादा खाना हळूहळू शून्याकडं घसरतोय असं दिसलं तर मशीन बंद करा आणि परत कर्णांच्या बेरजा बघा, बहुतेक एखादी राहून गेलेली असते.